पेशींचे लखोटे

मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक इंद्रियांची परीक्षा वैद्याला बाहेरून कांहीं अंशीं तरी करतां येते. पोट दाबून पाहतां येतें, छातीस नळी लावून हृदयाचे ठोके ऐकतां येतात, जीभ व डोळे पाहून पुष्कळ गोष्टींचा तर्क बांधतां येतो. मेंदूची गोष्ट मात्र निराळी आहे. निसर्गानें हें नाजूक इंद्रिय कवटीच्या भक्कम पेटींत बंद करून ठेविलें आहे. त्या पेटीमुळें त्याचें रक्षण होतें हें खरें. पण आंत रोग उत्पन्न झाला, तर तीच पेटी वैद्याच्या वाटेंत भिंत होऊन उभी राहते. ही पेटी न फोडतां तिच्या आंतील बातमी कशी मिळवावी, या प्रश्नाचें एक नवें उत्तर गेल्या कांहीं वर्षांत शास्त्रज्ञांच्या हातीं येऊं लागलें आहे. तें कसें मिळालें, त्याचा उपयोग किती आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

बंद पेटी

मेंदूंतील अर्बुदावर, म्हणजे गांठीवर, आधुनिक रीतीनें केलेली पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया लंडन येथें २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं झाली. त्या वेळीं क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. रोग्याच्या शरीराचा कोणता भाग दुर्बळ झाला आहे व झटके कोठें सुरू होतात, एवढ्यावरून डॉ. ह्यूज बेनेट यांनीं गांठीची जागा ताडली. आणि रिकमन गॉडली या शस्त्रवैद्यानें कवटी उघडली, तों गांठ त्याच जागीं सांपडली. तर्क अचूक ठरला. परंतु रोगी सुमारें चार आठवड्यांनीं जंतुदोषानें दगावला.

पुढें १८९५ सालीं रॉन्टगेन यांनीं क्ष-किरण शोधले. पण मऊ मेंदू त्यांत स्पष्ट दिसेना. म्हणून १९१८ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर डँडी यांनीं मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून, आणि १९२७ सालीं पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनीं मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य सोडून, चित्र घेण्याच्या युक्त्या काढल्या. आपल्या देशांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत सुरू केला. १९७१ सालीं लंडन येथें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें जिवंत मनुष्याच्या मेंदूचें छेदचित्र प्रथम घेतलें, आणि नंतर एम.आर.आय. यंत्रानें त्याहूनही स्पष्ट चित्रें मिळूं लागलीं.

चित्रावरून गांठ कोठें व केवढी आहे हें कळतें. ती कोणत्या जातीची आणि तिच्या पेशींत कोणता बिघाड झाला आहे, हें निश्चित ठरविण्यास मात्र तिचा तुकडा काढून तपासावा लागतो. प्रौढ माणसांत मेंदूंतच उत्पन्न होणाऱ्या घातक अर्बुदांपैकीं सर्वांत अधिक आढळणारें अर्बुद म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. त्याच्या पेशी झाडाच्या मुळ्यांप्रमाणें शेजारच्या निरोगी भागांत शिरतात. त्यामुळें शस्त्रक्रियेनें तें समूळ काढतां येत नाहीं, आणि काढलें तरी बहुधा पुन्हा वाढतें. २००५ सालीं ५७३ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांस केवळ किरणोपचार मिळाला त्यांच्यापैकीं निम्मे १२.१ महिन्यांच्या पुढें जगले. ज्यांस त्याबरोबर टेमोझोलोमाइड हें औषधही मिळालें त्यांच्यापैकीं निम्मे १४.६ महिन्यांच्या पुढें जगले. हा अडीच महिन्यांचा लाभ इतका मोलाचा मानला गेला कीं, तीच उपचारपद्धति पुढें सर्वत्र रूढ झाली. यावरून या रोगांत एकेका आठवड्याची किंमत काय असते, याची कल्पना वाचकांस येईल.

त्यांतच आणखी एक अडचण येते. उपचारानंतर कांहीं रोग्यांच्या चित्रांत गांठ वाढल्यासारखी दिसते. ती खरोखर वाढली आहे, कीं किरणोपचारानें ती जागा केवळ सुजली आहे, हें चित्र पाहून नेहमींच सांगतां येत नाहीं. वाढली असेल तर औषध बदललें पाहिजे. सुजली असेल तर चांगलें चाललेलें औषध बंद करणें घातक होईल. दर वेळीं कवटी उघडून पाहणें शक्य नाहीं, आणि वाट पाहत बसण्यास रोग्याजवळ वेळ नाहीं. अशा वेळीं त्या बंद पेटींतून आपण होऊन बाहेर येणारें एखादें पत्र हातीं लागलें, तर किती बरें होईल ! अशीं पत्रें असतात, असें आतां दिसून आलें आहे.

केर कीं पत्र ?

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलें आहे. प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें दुहेरी पातळ आवरण असतें. पेशी आपल्यांतील द्रव्याचा अत्यंत लहान अंश याच जातीच्या आवरणांत गुंडाळून बाहेर सोडीत असते. या सूक्ष्म पिशव्यांस इंग्रजीत एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात. आपण त्यांस पेशीबाह्य पुटिका म्हणूं. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. कांहीं पुटिका पेशीच्या आंतल्या कोठडींत तयार होतात, आणि ती कोठडी पेशीच्या कडेस येऊन उघडली म्हणजे बाहेर पडतात. त्यांस एक्झोसोम हें नांव आहे. त्या सामान्यतः ३० ते १५० नॅनोमीटर रुंद असतात. दुसऱ्या प्रकारच्या पुटिका, साबणाच्या पाण्याचा बुडबुडा सुटावा तशा, पेशीच्या आवरणापासूनच फुगून सुटतात; त्या १०० पासून १,००० नॅनोमीटरपर्यंत असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें ७,५०० नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे १०० नॅनोमीटरच्या पुटिका एका ओळींत मांडल्या, तर त्या पेशीची रुंदी भरण्यास ७५ लागतील. साध्या सूक्ष्मदर्शकांतून त्यांचें रूप दिसत नाहीं. त्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

या पुटिकांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत चारगाफ व वेस्ट या दोघांनीं रक्तांतील द्रव अतिशय वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घालून फिरविला, तेव्हां तळाशीं असा एक अंश बसला कीं, ज्यांत रक्त गोठविण्याची शक्ति होती. १९६७ सालीं इंग्लंडांतील पीटर वुल्फ यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तशाच अंशांतील कण पाहिले. ते रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट नामक कणांपासून सुटलेले होते. म्हणून वुल्फ यांनीं त्यांस ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलें. पुढें १९८३ सालीं कॅनडांत रोझ जॉन्स्टन व अमेरिकेंत फिलिप स्टाल यांच्या मंडळींनीं, कोंवळी तांबडी पेशी वाढत असतां तिला नको झालेलीं प्रथिनें अशा पिशव्यांत भरून बाहेर टाकते, असें दाखविलें. तेव्हां पुष्कळांचा असा समज झाला कीं, या पिशव्या म्हणजे पेशीचा केर होय.

पण केराच्या टोपलींत कधीं कधीं महत्त्वाचीं पत्रेंही सांपडतात. १९९६ सालीं, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींच्या पुटिका दुसऱ्या पेशींस शत्रूची ओळख पटवूं शकतात, असें दिसून आलें. २००७ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें यान लोटवाल यांच्या मंडळींनीं या पुटिकांत आर.एन.ए. हें द्रव्य असल्याचें दाखविलें. आर.एन.ए. म्हणजे पेशीच्या कारखान्यांत कोणतें प्रथिन तयार करावें याचा लेखी हुकूमच. त्यांनीं उंदराच्या पेशींच्या पुटिका मनुष्याच्या पेशींस दिल्या, तों मनुष्याच्या पेशींत उंदराचीं प्रथिनें तयार झालीं ! म्हणजे एका पेशीनें धाडलेला हुकूम दुसरीनें वाचला आणि पाळलाही. ज्यास धूळ व केर म्हणून बाजूस सारलें होतें, तो मोहोरबंद लखोटा निघाला.

गांठीचा पत्रव्यवहार

पुढच्याच वर्षीं, २००८ सालीं, या शोधाचा मेंदूंतील अर्बुदाशीं संबंध जुळला. अमेरिकेंतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत योहान स्कोग व झँड्रा ब्रेकफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींच्या पुटिका तपासल्या. रक्तवाहिन्यांच्या भिंती ज्या पेशींच्या असतात, त्यांत या पुटिका शिरल्या व नवीन वाहिन्या फुटण्यास त्यांनीं चालना दिली. अर्बुदास वाढण्यासाठीं रक्ताचा पुरवठा लागतो; तेव्हां हा जणूं पाण्याचा पाट आपल्या शेताकडे वळवून घेण्याचाच प्रकार झाला. त्याच वर्षीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें असेंही आढळलें कीं, अर्बुदांतील एक अधिक उग्र पेशी आपल्या अंगचें बिघडलेलें प्रथिन पुटिकेंतून शेजारच्या सौम्य पेशीस देते, आणि तीही मग उग्रपणानें वागूं लागते. वाईट संगतीचा परिणाम पेशींसही चुकत नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु जो पत्रव्यवहार अर्बुदास उपयोगी पडतो, तोच त्याचें बिंगही फोडतो. ग्लायोब्लास्टोमा सहसा मेंदूच्या बाहेर पसरत नाहीं; पण त्याचे लखोटे मात्र बाहेर पडतात. ते मेंदू व पाठीचा कणा यांच्याभोंवतींच्या द्रवांत उतरतात आणि रक्तांतही येतात. बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनीं २५ रोग्यांचें रक्त घेऊन त्यांतील पुटिका उघडल्या, तेव्हां ७ जणांच्या पुटिकांत या अर्बुदाच्या एका विशिष्ट बिघाडाची खूण असलेला आर.एन.ए. मिळाला. कवटीस हात न लावतां, दंडांतून काढलेल्या रक्तांत मेंदूंतील गांठीचा दाखला मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

येथें पंचवीसपैकीं सात या आंकड्याकडे नीट पाहिलें पाहिजे. उरलेल्या अठरा जणांस रोग नव्हता असें नाहीं. त्यांच्या रक्तांत ती खूण मिळाली नाहीं, इतकेंच. याचीं कारणें दोन. एक तर, ही खूण प्रत्येक ग्लायोब्लास्टोमांत असतेच असें नाहीं. दुसरें असें कीं, रक्तांत तांबड्या पेशी, प्लेटलेट, यकृत इत्यादि सर्वांच्याच पुटिका तरंगत असतात. त्या अफाट गर्दींत अर्बुदाचे लखोटे फार थोडे. मोठ्या शहराच्या टपालकचेरींत एकाच घरचीं पत्रें हुडकून काढण्यासारखें हें काम आहे. कण्यांतील द्रवांत ही गर्दी कमी असते, म्हणून तेथें शोध सोपा. पण तो द्रव काढणें रक्त काढण्याइतकें सोपें नाहीं, आणि मेंदूंत दाब वाढलेला असतां तें धोक्याचेंही असतें.

चाचणीचा उपयोग कोठें ?

कित्येक पालकांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, मग सर्व लोकांचें रक्त तपासून हा रोग आधींच कां ओळखूं नये ? याचें उत्तर अंकगणितांत आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तें स्वतः करून पाहावें. समजा, दहा हजार माणसांत एकास हा रोग आहे, आणि चाचणी इतकी चांगली आहे कीं, शंभर निरोगी माणसांपैकीं एकालाच ती चुकून रोगी ठरविते. अशा दहा हजार माणसांची चाचणी घेतली, तर खरा रोगी एक सांपडेल, आणि सुमारें शंभर निरोगी माणसें विनाकारण भयभीत होतील. त्यांपैकीं कांहींच्या पुढील तपासण्यांत नसता धोकाही पत्करावा लागेल. चाचणी चांगली असूनही तिचा उपयोग चुकीच्या ठिकाणीं केल्यास असा अनर्थ होतो.

म्हणून या पुटिकांचा खरा उपयोग प्रथम व्हावयाचा तो, ज्यांचा रोग आधींच निश्चित झाला आहे अशा रोग्यांत. उपचार चालू असतां दर कांहीं दिवसांनीं रक्त घेऊन अर्बुदाच्या खुणा वाढतात कीं घटतात, हें पाहतां आलें, तर वर सांगितलेला सूज कीं वाढ हा पेंच सुटण्यास मदत होईल. २०१२ सालीं बॉस्टन येथेंच एका लहानशा यंत्रपट्टीवर थोड्या रक्तांतील पुटिका चुंबकीय कणांच्या साहाय्यानें ओळखून उपचाराचा परिणाम अजमावण्याची रीत दाखविण्यांत आली. २०१५ सालीं टेमोझोलोमाइडचा प्रभाव पुसून टाकणाऱ्या प्रथिनाचा आर.एन.ए. अशाच रीतीनें रक्तांतील पुटिकांमधून मोजण्यांत आला. औषध कोणास लागूं पडणार नाहीं, हें आधीं कळणें हीदेखील मोठी दया आहे. तथापि हे प्रयोग थोड्या रोग्यांवरचे आहेत. निरनिराळ्या प्रयोगशाळांत पुटिका वेगळ्या काढण्याच्या रीती निरनिराळ्या असल्यानें त्यांचीं उत्तरें नेहमीं जुळत नाहींत. या कारणास्तव या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१४, २०१८ व २०२३ या सालांतील आवृत्त्यांत कामाचे समान नियम घालून दिले. मेंदूच्या अर्बुदाचा अखेरचा निर्णय आजही एम.आर.आय. चित्र व गांठीचा तुकडा यांवरूनच करावयाचा असतो.

लखोट्यांतून औषध

निदानाहूनही अवघड प्रश्न उपचाराचा आहे. १८८५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं जनावराच्या शरीरांत रंग टोंचला, तों बहुतेक सर्व अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ सालीं त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनीं रंग मेंदूभोंवतींच्या द्रवांत सोडला, तेव्हां मेंदू रंगला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें एक कडक पहारा आहे, हें यावरून सिद्ध झालें. हा पहारा विषांस अडवितो. पण त्याचबरोबर पुष्कळशीं औषधेंही अडवितो. अर्बुदाच्या ठिकाणीं तो कांहीं अंशीं ढिला पडतो हें खरें. परंतु अर्बुदाच्या पेशी ज्या निरोगी भागांत लपून बसलेल्या असतात, तेथें तो शाबूत असतो.

पुटिकांपैकीं कांहीं हा पहारा ओलांडूं शकतात. तेव्हां त्यांतच औषध भरून पाठवावें, अशी कल्पना निघाली. २०११ सालीं ऑक्सफर्ड येथें मॅथ्यू वुड यांच्या मंडळींनीं उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींपासून पुटिका मिळविल्या, आणि त्यांच्या पृष्ठभागावर रेबीजच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें होणाऱ्या रोगाच्या, विषाणूंतील प्रथिनाचा एक लहान तुकडा बसविला. तो विषाणु मेंदूची वाट अचूक ओळखतो. त्याचें विष टाकून केवळ वाट ओळखण्याचा गुण तेवढा उसना घेतला. या पुटिकांत आर.एन.ए.चा एक विशिष्ट तुकडा भरून त्या रक्तांत टोंचल्या, तेव्हां मेंदूंतील ठरविलेल्या प्रथिनाचें उत्पादन घटलें. हा प्रयोग अर्बुदावर नव्हता. पण लखोटा मेंदूपर्यंत पोंचतो व आंतील हुकूम पाळला जातो, एवढें त्यावरून दिसून आलें. त्यानंतर अर्बुदाविरुद्ध औषधें भरलेल्या पुटिकांचे प्रयोगही झाले. ते मुख्यतः प्रयोगशाळेंतील पेशी व उंदीर यांवर झाले आहेत. टोंचलेल्या पुटिकांपैकीं पुष्कळ यकृत व प्लीहा यांतच अडकून पडतात; मनुष्यास पुरतील इतक्या, एकसारख्या व शुद्ध पुटिका तयार करणें कठीण आहे; आणि पेशी आपल्या पुटिकेंत औषधाबरोबर आणखी काय काय भरून देते, हेंही तपासावें लागतें. उंदरापासून मनुष्यापर्यंतची वाट लांब असते.

सावधगिरीचे दोन शब्द

शास्त्र जेथें सावकाश पाऊल टाकतें, तेथें व्यापार कधीं कधीं धांव घेतो. एक्झोसोमच्या नांवाखालीं नाना रोगांवर सुया टोंचून पैसे घेणारे लोक निघाले आहेत. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें डिसेंबर १९१९ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर २०१९ मध्यें, अशा मालापासून नेब्रास्का संस्थानांतील रोग्यांस गंभीर अपाय झाल्याचें जाहीर करून, एक्झोसोमच्या एकाही मालास आपण मान्यता दिलेली नाहीं, असा लोकांस इशारा दिला. घरांत दुखणें आलें म्हणजे माणूस आशेस कासावीस होतो, आणि त्याच वेळीं त्याची फसवणूक करणें सोपें असतें. म्हणून असा उपचार कोणी देऊं केल्यास, हा मान्य उपचार आहे कीं प्रयोग आहे, प्रयोग असल्यास कोणाच्या परवानगीनें चालला आहे, आणि त्याबद्दल पैसे कां मागितले जातात, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. त्यांचें सरळ उत्तर न मिळाल्यास तेथून उठावें.

दुसरें असें कीं, नव्या चाचणीची वाट पाहत बसून जुन्या लक्षणांकडे दुर्लक्ष करूं नये. डोकेदुखी बहुतेकदां साध्या कारणांनींच होते, तेव्हां तेवढ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु दिवसेंदिवस वाढत जाणारी व सकाळीं ओकारीसह येणारी डोकेदुखी, पूर्वीं कधीं न आलेली फीट मोठेपणीं प्रथम येणें, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडत जाणें, बोलण्यांत, दृष्टींत अगर स्वभावांत अकारण फरक पडणें, अशीं लक्षणें दिसल्यास विलंब न करतां चांगल्या डॉक्टरांस दाखवावें. फीट आलेल्या माणसास कांदा हुंगविण्यांत वा अंगाऱ्या-धुपाऱ्यांत जो वेळ जातो, तो परत मिळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या गोष्टीपासून घेण्यासारखा बोध असा कीं, १९४६ सालीं नळीच्या तळाशीं बसलेला जो अंश कित्येकांनीं क्षुल्लक मानला, तोच कांहीं जणांनीं पुन्हा पुन्हा निरखून पाहिला, म्हणून त्यांत दडलेला मजकूर वाचतां आला. त्या मजकुराचा पूर्ण अर्थ अजून लागावयाचा आहे. त्यास वैद्यांइतकेच रसायन, पदार्थविज्ञान व गणित जाणणारे लोकही लागतील. निरीक्षणाच्या वहींत जें दिसलें तेंच लिहावें, नको असलेलें उत्तर खोडूं नये, आणि पंचवीसपैकीं सात आले तर सातच सांगावे, ही संवय तुम्हांस शाळेच्या प्रयोगशाळेंतच लावून घेतां येईल. ज्या घरीं असा रोगी अंथरुणास खिळलेला असतो, त्या घरच्या माणसांस खोट्या आशेपेक्षां असा खरा आंकडाच अखेर उपयोगी पडतो.